कॅमेरा नीरोच्या आसनावर

ख्रिस्ती श्रद्धापटांची एक तऱ्हा गेल्या दहा-बारा वर्षांत चांगलीच रुळली आहे आणि तिचा मला मनापासून राग येतो. 2014 चा ‘गॉड्स नॉट डेड’ आठवा. अमेरिकेतल्या एका कॉलेजात तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक पहिल्याच तासाला विद्यार्थ्यांकडून ‘देव मेला आहे’ असं लिहून घेतो. एक मुलगा नकार देतो आणि त्याला आता सिंहापुढेच टाकणार, अशा थाटात पुढची गोष्ट चालते. सुमारे वीस लाख डॉलरांत झालेल्या या चित्रपटाने अमेरिकेत सहा कोटींच्या वर धंदा केला. ज्या देशात राष्ट्राध्यक्ष बायबलवर हात ठेवून शपथ घेतात, तिथल्या बहुसंख्य समाजाला स्वतःला छळलेला समजायला शिकवणारा हा चित्रपट. ही छळाची भावना उसनी आणली आहे ती पहिल्या तीन शतकांतल्या रक्तसाक्षींकडून आणि तीही सरळ नाही, तर हॉलिवूडच्या जुन्या रोमपटांमार्फत. त्यामुळे हिशेब तिथूनच मांडायला हवा.

‘द रोब’ सिनेमास्कोपचा पहिला चित्रपट म्हणून इतिहासात राहील, एवढंच. ‘डिमेट्रियस’ तेही नाही. ‘बेन-हर’मध्ये रथांची शर्यत आहे. पण सेसिल बी. डमिलच्या 1932 च्या ‘द साइन ऑफ द क्रॉस’पाशी थांबावंच लागतं, कारण या प्रकाराचा सगळा खोटेपणा त्यात उघड्यावर आहे. क्लॉडेट कोल्बेर नीरोची राणी पोपिया होऊन गाढविणीच्या दुधात आंघोळ करते. शेवटी आखाड्यात हत्ती येतात, मगरी येतात, खांबाला बांधलेल्या स्त्रीकडे गोरिला सरकतो. मधूनमधून प्रेक्षकांचे चेहरे दिसतात: कुणी चघळतंय, कुणी डोळे विस्फारून बघतंय. हे लोक क्रूर आहेत असं डमिल सांगतो आणि त्याच वेळी तुम्हाला-मला त्यांच्या शेजारची जागा देतो. कॅमेरा नीरोच्या आसनावर बसलेला आहे. श्रद्धेचं नाव घेऊन तिकीट काढलेला माणूस बघतो ते नीरोने आयोजित केलेलंच.

1951 च्या ‘क्वो वादिस’मध्ये हे जास्त सफाईने होतं. रॉबर्ट टेलर आणि डेबोरा कर यांचं प्रेम कुणाला आठवतं? आठवतो पीटर उस्तिनॉव्हचा नीरो. दरबारी पेट्रोनियसने जीव दिल्याचं कळल्यावर अश्रू साठवायची काचेची कुपी मागवून डोळ्यांतला थेंब तिच्यात टिपणारा तो सम्राट. उस्तिनॉव्ह थोर नट, पण ख्रिस्ती जनांच्या छळावरच्या चित्रपटात सगळं रक्तमांस छळणाऱ्याला मिळावं आणि छळले जाणारे नुसते वर बघत गात राहावेत, हा दोष पटकथेचा आहे. (नीरोच्या बळींसाठी कलोसियम उभं करणाऱ्यांना तर काय म्हणावं! ती इमारत खुली झाली इ. स. 80 मध्ये, नीरो मेल्यावर बारा वर्षांनी.) रोमन इतिहासकार टॅसिटसला ख्रिस्ती लोक मुळीच आवडत नव्हते. तरी तोसुद्धा नोंदवून ठेवतो की रोमच्या आगीनंतरची ती हत्याकांडं पाहून लोकांना अखेर त्यांची कीव येऊ लागली. बघणाऱ्याच्या मनातलं हे वळण डमिलला सापडलं नाही.

अलीकडच्या चित्रपटांत ‘पॉल, अपॉसल ऑफ ख्राइस्ट’ (2018) त्यातल्या त्यात प्रामाणिक. जिवंत जाळल्या जाणाऱ्या माणसांच्या उजेडात लूक रोमच्या गल्ल्यांतून चालतो, तो भाग अंगावर येतो. रोममध्ये राहायचं की निघून जायचं यावर अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्यात पडलेलं अंतर खरं वाटतं. मंडळीतले तरुण शस्त्र हाती घेतात तेव्हा पौल त्यांना साफ नाकारतो. इथवर चित्रपट माझा आहे. मग तुरुंगाधिकाऱ्याची मुलगी आजारी पडते, लूक तिला वाचवतो आणि अडचण सुटते. ज्याला श्रद्धेची किंमत दाखवायची आहे, त्याने असा मोबदला हातोहात चुकता का करावा?

‘अगोरा’ने (2009) बाजू उलटवली आणि ख्रिस्ती जमावाला राक्षस केलं, तोही तितकाच सोपा मार्ग. स्कॉर्सेसीच्या नावाने आलेल्या ‘द सेंट्स’ मालिकेत संत सेबास्टियनचा भाग आहे, नीटनेटका. ‘सायलेन्स’ करणाऱ्या माणसाकडून नीटनेटकेपणाची अपेक्षा नव्हती.

आता ज्या चित्रपटासाठी मी भांडायला तयार आहे तो. रिचर्ड फ्लायशरचा ‘बरब्बा’ (1961), पेर लागरक्विस्टच्या कादंबरीवरून केलेला. येशूऐवजी सुटलेला हा दरोडेखोर अँथनी क्विनने जड, गोंधळलेल्या अंगाने उभा केला आहे. क्रुसाचा प्रसंग 15 फेब्रुवारी 1961 च्या खऱ्या खग्रास सूर्यग्रहणात चित्रित झाला. तो अंधार स्टुडिओतल्या कुठल्याही दिव्यांनी साधला नसता. पुढे बरब्बा सिसिलीच्या गंधकाच्या खाणीत साहाकबरोबर एकाच साखळीत जखडला जातो. साहाक श्रद्धा धरून मरतो. बरब्बा ‘माझा विश्वास नाही’ म्हणतो आणि जगतो. रोम पेटतं तेव्हा त्याला वाटतं, देवाचं राज्य आलं, आपणही हातभार लावावा, आणि तो स्वतः मशाल उचलतो! इतकी मोठी, इतकी भोळी चूक करणारा माणूस अखेर ख्रिस्ती कैद्यांबरोबर क्रुसावर जातो. त्याने विश्वास ठेवला की नाही, हे चित्रपट ठासून सांगत नाही. मला हा सगळ्या रोमपटांतला सर्वांत श्रद्धावान चित्रपट वाटतो. ‘सायलेन्स’मधला किचिजिरो, ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पुन्हा पुन्हा पाय ठेवणारा आणि पुन्हा पुन्हा पापनिवेदनाला येणारा, याच बरब्बाचा जपानी भाऊ.

कारण छळाचा खरा इतिहास बराचसा असाच आहे. इ. स. 250 मध्ये सम्राट डेसियसने फर्मान काढलं: प्रत्येकाने देवतांना बळी अर्पण करावा आणि तसा दाखला घ्यावा. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून जास्त दाखले सापडले आहेत. अर्जदाराचं नाव, गाव, आपण नेहमीच यज्ञ करत आलो आणि आताही तुमच्यासमोर प्रसाद चाखला असं निवेदन, खाली अधिकाऱ्यांच्या सह्या. कुणी मुकाट्याने धूप टाकला, कुणी पैसे चारून नुसताच दाखला मिळवला, कुणी पळालं. कार्थेजचा बिशप सिप्रियन स्वतः लपून बसला आणि तिथून पत्रं लिहीत राहिला. सिंहाला इथे कामच नाही. टेबल आहे, कारकून आहे, रांग आहे, आणि घरी पोरं वाट बघतायत.

किंवा 203 सालची कार्थेजची पर्पेतुआ घ्या. वय बावीसच्या आसपास, अंगावर पिणारं मूल, आणि तुरुंगातली तिची स्वतःची टिपणं आजही उपलब्ध. तिचा म्हातारा बाप तिच्या पाया पडतो: पोरासाठी तरी मागे फिर. हा बाप मूर्ख नाही, दुष्ट नाही. त्याचं म्हणणं खोडता येत नाही आणि ती तरीही ऐकत नाही. शेवटी नवख्या ग्लॅडिएटरचा हात चळतो, तेव्हा ती स्वतःच त्याची तलवार आपल्या गळ्याशी नेते. या बाईला न्याय देणारा मोठा चित्रपट मी अजून पाहिलेला नाही.

मराठी प्रेक्षकाला या मुद्द्याचं मर्म समजावून सांगायला नको. फाळक्यांनी ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहिला आणि आपल्याकडे चित्रपट जन्मला. त्याच परंपरेत दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ (1936) झाला. त्यात विष्णुपंत पागनिसांच्या तुकोबांइतकीच गौरीची जिजाई मोठी आहे. पोटची पोरं उपाशी आहेत म्हणून ती विठोबाला जाब विचारते, आणि दिग्दर्शक तिला वेडी ठरवत नाहीत. तिच्या रागामुळे तुकोबांची भक्ती पडद्यावर वजनदार होते. पर्पेतुआचा बाप म्हणजे कार्थेजची जिजाई. आजच्या श्रद्धापटांना ती जागाच नको आहे. नकार देणारा माणूस त्यांना फक्त खलनायक म्हणून हवा आणि शेवटच्या रिळात गुडघे टेकायला हवा.

हे चित्रपट श्रद्धेच्या बाजूचे आहेत, म्हणून त्यांना सांभाळून घ्या, असं मला सांगितलं जातं. मी घेणार नाही. ज्यांनी धूप टाकला त्यांना प्रार्थनेत परत घ्यायचं का, या प्रश्नावर आफ्रिकेतली ख्रिस्तसभा फुटेपर्यंत भांडली. सिप्रियनने परतीची दारं बंद केली नाहीत, प्रायश्चित्ताची अट घालून उघडी ठेवली. आणि 258 मध्ये पुन्हा बोलावणं आलं तेव्हा तो पळाला नाही, मान पुढे केली. आधी पळून गेलेल्या या बिशपवर चित्रपट करायची ज्यांची तयारी नाही, त्यांनी रक्तसाक्षींचं नाव पोस्टरवर छापू नये.