‘फोटो स्वच्छ आला’ : मेंदूच्या प्रतिमांची परिभाषा

डहाणू-तलासरीकडील एखाद्यास झटके येऊ लागले म्हणजे मेंदूच्या तपासणीसाठी त्याला वलसाड, सिल्वासा नाही तर मुंबई गाठावी लागते. तेथून परतल्यावर घरच्यांच्या तोंडी एकच वाक्य असते : “फोटो स्वच्छ आला.” या वाक्याचे अर्थ दोन संभवतात. चित्र सुस्पष्ट निघाले, हा एक; मेंदूत दोष आढळला नाही, हा दुसरा. पहिला यंत्राविषयी आहे, दुसरा रोग्याविषयी. सुस्पष्ट चित्रात गाठ अधिकच ठळक दिसते. उलट धूसर चित्रात काही दिसले नाही म्हणून मेंदू निर्दोष ठरत नाही. बोलीत हा संदेह क्षम्य आहे. परिभाषेत तो क्षम्य नाही.

‘प्रतिमा-सुधारणा’ या संज्ञेवर हाच आक्षेप घ्यावा लागतो. गोंगाट घटविणे, छटांतील भेद वाढविणे, सूक्ष्म तपशील सुटे दिसू देणे, ही तीन भिन्न कार्ये तिने एका पोत्यात भरली आहेत. ती परस्परांना नेहमी पोषक असतात असेही नाही. शेजारच्या बिंदूंची सरासरी घेऊन गोंगाट पुसला की गाठीची कडही पुसट होते. चित्र देखणे होते आणि निदान अवघड. एमआरआयमध्ये संकेत चार वेळा घेऊन त्यांची सरासरी काढल्यास गोंगाटाच्या तुलनेत संकेत दुप्पटच बळावतो, वेळ मात्र चौपट लागतो. तेवढा वेळ रोग्याने निश्चल पडून राहिले पाहिजे. घरी वारली बोलणाऱ्या माणसाला यंत्राच्या खडखडाटात गुजरातीत वा हिंदीत दिलेली सूचना उमगली नाही आणि त्याने मान हलविली, तर वाढविलेला वेळच प्रतिमा बिघडवितो. प्रतिमेची गुणवत्ता अशी कित्येकदा एका वाक्यावर अवलंबून असते. परिभाषेच्या चर्चेत याचा उल्लेखही आढळत नाही.

‘फोटो’ हा शब्दही येथे फसवा आहे. क्ष-किरणांची पट्टी ही निदान छाया तरी असते. (अज्ञातासाठी ‘क्ष’ योजणारा तो शब्द मोठा प्रामाणिक म्हटला पाहिजे.) परंतु १९७१ साली हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने लंडन येथे रोग्याच्या मेंदूचे जे पहिले छेदचित्र दिले, ते ८० गुणिले ८० चौकटींचे होते आणि त्यातील प्रत्येक चौकटीचे मूल्य गणिताने काढलेले होते. असे चित्र ‘काढलेले’ नसते, लिहिलेले असते. वारली स्त्रिया लग्नाचा चौक ‘लिहितात’. जुन्या मराठीतही चित्र लिहिलेच जाई. हा प्रयोग परिभाषाकारांना हाताशी असूनही सुचला नाही, याचे नवल वाटते.

शस्त्रक्रियेत तर ‘स्वच्छ’ या शब्दाचा आधारच सुटतो. कवटी उघडून द्रव निथळला की मेंदू काही मिलिमीटर, प्रसंगी सेंटिमीटरहूनही अधिक सरकतो. मग पूर्वी घेतलेली प्रतिमा कितीही सुस्पष्ट असली तरी ती शिळी असते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात शस्त्रक्रिया चालू असतानाच त्रिमितीय सोनोग्राफीने नवी प्रतिमा घेण्याची पद्धती अवलंबिली गेली आहे. अशी प्रतिमा एमआरआयहून धूसर, पण त्या क्षणाच्या मेंदूशी जुळणारी असते. ‘सुधारलेली’ हे विशेषण या दोहोंपैकी कोणत्या प्रतिमेला लावावयाचे, हे त्या संज्ञेच्या पुरस्कर्त्यांनी अद्याप सांगितलेले नाही.