मागच्या बाकावरून

माझी भाची डी.एल.एड.च्या पहिल्या वर्षाला आहे. दिवाळीत ती आमच्याकडे बडोद्याला आली तेव्हा तिने माझ्यापुढे एक वही ठेवली. ‘मावशी, तू भाषांतरं करतेस ना, मग शुद्धलेखन तेवढं बघून दे.’ ती तिची पाठनिरीक्षणाची वही होती. जिल्हा परिषदेच्या एका शाळेत, दुसरीच्या वर्गात मागे बसून तिने दहा पाठ पाहिले होते. त्याच आठवड्यात मी गिजुभाई बधेकांचे ‘दिवास्वप्न’ मूळ गुजरातीतून पुन्हा वाचत होते. वर्गात काय घडते ते कसे पाहायचे आणि पाहिलेले कसे लिहायचे, हा प्रश्न दोन्हीकडे होता. म्हणून दोन्ही शेजारी ठेवून वाचले.

वहीत छापील रकाने आहेत: प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, फलकलेखन, शैक्षणिक साधने, मूल्यमापन. प्रत्येक रकान्यात एकेक वाक्य. ‘फलकलेखन सुवाच्य व मुद्देसूद होते.’ ‘साधनाचा प्रभावी वापर केला.’ शुद्धलेखनाची चूक जवळजवळ नव्हती. पण दहाही पाठ एकाच बाईंनी एकाच दिवशी घेतल्यासारखे वाटत होते, आणि सबंध वहीत एकही मूल नव्हते. ‘विद्यार्थ्यांनी प्रतिसाद दिला’ एवढ्यापुरतेच काय ते विद्यार्थी.

गणिताच्या पाठाबद्दल मी तिला तोंडी विचारले, तेव्हा ती वेगळेच सांगू लागली. बाईंनी ‘त्रेपन्न’ लिहायला सांगितले. एका मुलाने पाटीवर ३५ लिहिले. मराठीत हे व्हायचेच, कारण आपण आधी तीन उच्चारतो आणि मग पन्नास. (२०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘पन्नास तीन’ अशा वाचनाची सोय केली तेव्हा राज्यभर वाद झाला, तो याच अडचणीवरून.) बाई ‘चूक’ म्हणाल्या नाहीत. ‘त्रेपन्न काड्या आण बरं,’ एवढेच म्हणाल्या. मुलाने दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि तीन सुट्ट्या काड्या आणून मांडल्या. मग तो काड्यांकडे, पाटीकडे, पुन्हा काड्यांकडे पाहत राहिला. ‘आणि मावशी, तेवढा वेळ बाईंनी हात पाठीमागे बांधून ठेवले होते. मी असते तर पाटी ओढून घेऊन पुसलीच असती.’ शेवटी मुलाने स्वतःच पाटी पुसली.

वहीत या सगळ्याची नोंद ‘साधनाचा प्रभावी वापर’ अशी होती. पाठीमागे बांधलेल्या हातांसाठी छापील रकाना नाही. खरे तर त्या तासाला शिकण्यासारखे होते ते तेच.

आता ‘दिवास्वप्न’. तीसच्या दशकाच्या सुरुवातीचे हे पुस्तक. गिजुभाई पेशाने वकील. पुढे भावनगरच्या दक्षिणामूर्तीत आले आणि १९२० साली त्यांनी तिथे बालमंदिर सुरू केले. पुस्तकातला लक्ष्मीराम शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने वर्षभरासाठी चौथीचा वर्ग घेतो. आदल्या रात्री तो कागदावर पहिल्या दिवसाचा आराखडा करतो. सुरुवातीला शांततेचा खेळ, मग पुढचे सारे ओळीने. प्रत्यक्षात मुले त्या शांततेची पार दाणादाण उडवतात. बेत बारगळतो, तो मुलांना घरी सोडतो आणि दुसऱ्या दिवशी गोष्टीने सुरुवात करतो.

त्या फसलेल्या दिवसामुळेच हे पुस्तक वाचनीय झाले आहे. आपल्याला काय वाटले होते, काय झाले आणि म्हणून काय बदलले, हे तिन्ही तो सांगतो. मागे बसून पाहणाऱ्याच्या नोंदीत हे येत नाही. त्याने काही मानलेलेच नसते, त्यामुळे त्याचे काही चुकतही नाही. भाषांतर करताना मला हा फरक रोज जाणवतो. दुसऱ्याचे भाषांतर वाचून ‘ओघवते आहे’ म्हणणे सोपे असते. त्याच ओळीसाठी आपण मनात कोणता शब्द धरला होता आणि तो का टिकला नाही, हे लिहून पाहिले म्हणजे काही हाती लागते.

तरी ‘दिवास्वप्न’बद्दल माझी एक तक्रार आहेच. लक्ष्मीराम मुलांना बारकाईने पाहतो, पण शेजारच्या वर्गातल्या मास्तरांना तसे पाहत नाही. ते बहुतेक वेळा त्याच्या प्रयोगाला विरोध करण्यापुरतेच उभे राहतात. त्याला अधिकाऱ्यांचा आधार आहे, आणि वर्ष संपले की तो मोकळा आहे. त्यांना त्याच खोलीत नोकरी काढायची आहे. माझी भाची उद्या त्यांच्या जागी उभी राहणार आहे, लक्ष्मीरामच्या नव्हे. तिला उपयोगी पडतील त्या चौकटीत राहून हात मागे बांधणाऱ्या बाई, आणि तशा बाईंना ‘दिवास्वप्न’मध्ये फारशी जागा नाही. अनुताई वाघांनी आणि भावनगरला गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी पुढे बोर्डी-कोसबाडला वाड्यापाड्यांवर अंगणवाड्या भरवल्या, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. आधी मुलांचा दिवस कसा जातो ते पाहिले, मग शाळेची जागा आणि वेळ बदलली. तिथे प्रयोग एका वर्षात संपला नाही.

मी भाचीला एकच सुचवले. रकाने आहेत तसे भर, गुण त्यावरच मिळतात. पण प्रत्येक पाठाच्या मागच्या कोऱ्या पानावर दोन ओळी लिही: इथे मी काय केले असते, आणि बाईंनी काय केले.

परवा तिने फोटो पाठवला. अकरावा पाठ, मागचे पान, पेन्सिलीने लिहिलेले: ‘मी उत्तर सांगून टाकले असते. बाई खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.’ त्यात ‘खिडकी’ऱ्हस्व-दीर्घासकट चुकली होती. मी दुरुस्त केली नाही.