पुस्तकातली माशी आणि पेटीतली माशी

मधमाशीपालनाचं इंग्रजीतलं जाडजूड पुस्तक उघडलं की प्रोपोलिसशी गाठ पडतेच. झाडांच्या राळेपासून माश्या बनवतात तो चिकट पदार्थ. त्याने चौकटी एकमेकींना अशा धरून बसतात की पोलादी पट्टीने उचकटाव्या लागतात. ती पट्टी कशी धरावी, कुठे टेकवावी, थंडीत प्रोपोलिस कसं कडक होतं, सगळं सचित्र दिलेलं असतं. आपल्याकडच्या सातेरी माशीची पहिली पेटी आणलेला नवखा हे प्रकरण मन लावून वाचतो, पट्टी विकत आणतो आणि त्या चिकट पदार्थाची वर्षभर वाट बघतो. तो येत नाही, कारण सातेरी प्रोपोलिस गोळाच करत नाही.

यात पुस्तकाची काही चूक नाही. ते मेलिफेरासाठी, म्हणजे युरोपीय माशीसाठी लिहिलेलं असतं. पण ही गोष्ट मुखपृष्ठावर कुणी छापत नाही, कारण लेखकाच्या जगात मधमाशी म्हटली की तीच. आपल्याकडे आग्या आहे, फुलोरी आहे, पेटीत राहायला तयार होणारी सातेरी आहे आणि गेल्या साठेक वर्षांत उत्तरेतून रुजत आलेली मेलिफेराही आहे. म्हणून पुस्तक हातात घेतल्यावर लेखकाच्या नावाआधी माशीचं नाव बघावं.

लँगस्ट्रॉथचं 1853 सालचं पुस्तक या कलेचा पाया मानतात. दोन पोळ्यांमध्ये साधारण 6 ते 9 मिलिमीटर मोकळी जागा सोडली तर माश्या ती मेणाने बुजवत नाहीत, येण्याजाण्यासाठी तशीच ठेवतात, हे त्यांनी हेरलं आणि उचलून काढता येणाऱ्या चौकटींची पेटी बनवली. तत्त्व सातेरीलाही लागू आहे, मापं मात्र नाहीत. तिचा देह लहान, पोळ्यातली घरं लहान, वस्तीही लहान. मेलिफेराचा छापील मेणपत्रा तिच्या चौकटीत बसवला तर घरांचं माप जुळत नाही. वेळापत्रकाचंही तसंच. अंड्यापासून कामकरी माशी बाहेर पडायला 21 दिवस, असं पुस्तकं सांगतात. सातेरीला 18 ते 20 पुरतात. वस्ती विभागून नवी राणी घडवायची असेल तर दोन दिवसांचा हा फरकही हिशेबात धरावा लागतो.

माशीनंतर बघायचं ते छापल्याचं वर्ष. रद्दीच्या दुकानात जुनी आवृत्ती स्वस्तात मिळते, भाषा बहुधा नव्यापेक्षा सरस असते आणि व्हरोआ या गोचिडासारख्या जीवाबद्दल तिच्यात अवाक्षर नसतं. अमेरिकेत तो 1987 साली सापडला. त्यानंतरच्या तिथल्या पुस्तकांचा मोठा भाग त्यानेच व्यापला आहे. गंमत अशी की हा मूळचा सातेरीच्याच जातीवरचा पाहुणा. ती त्याला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळून घेत आली आहे. मेलिफेराच्या पेट्या घेऊन सूर्यफुलामागे फिरणाऱ्याला ते प्रकरण पाठ हवं. सातेरीवाल्याला त्याहून महत्त्वाचं आहे ते सॅकब्रूड. या विषाणूने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर संपवल्या. पाश्चात्त्य पुस्तकांत त्याला जेमतेम एखादा परिच्छेद मिळतो.

ऋतूंचा घोळ तर विचारूच नये. परदेशी पुस्तकाची सगळी चिंता हिवाळ्याची: बर्फात वस्ती जगवायची कशी. महाबळेश्वरच्या पेटीला खरी भीती पावसाळ्याची असते. आठवडेच्या आठवडे माश्यांना बाहेर पडता येत नाही, साठा संपतो आणि साखरेचा पाक वेळेवर दिला नाही तर एके सकाळी पेटी रिकामी दिसते. उरलेल्या पोळ्याचा ताबा मेणकिड्याने घेतलेला असतो.

भारतीय पुस्तकांत सरदार सिंग यांचं, भारतीय कृषी संशोधन परिषदेने 1962 साली काढलेलं पुस्तक आजही चाळण्याजोगं आहे. त्याच वर्षी पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था सुरू झाली. मराठीत हाती लागतात त्या बहुतेक प्रशिक्षणाच्या पुस्तिका. पेटीचे भाग, राणीची ओळख, पेट्यांच्या संख्येला किलोने गुणून काढलेलं उत्पन्न, सगळं नेटकं असतं. पळून गेलेल्या वसाहतींचा रकाना मात्र त्या कोष्टकात सहसा दिसत नाही. खरं तर पुस्तक पारखायला तेवढं एक पान पुरतं. वस्ती का उठून जाते, यावर लेखक दोन ओळींत आटोपत असेल तर त्याने पेट्या फारशा सांभाळलेल्या नाहीत असं खुशाल समजावं.

शिकण्यासाठी नव्हे, बघायची सवय लागावी म्हणून वाचायची पुस्तकं वेगळी. माश्यांच्या नाचाचा अर्थ लावणारे कार्ल फॉन फ्रिश, नव्या घराची निवड थवा कशी करतो ते उलगडणारे थॉमस सीली. आणि या सगळ्यांच्या आधीचे जिनिव्हाचे फ्रान्स्वा ह्युबर. ते आंधळे होते. बघायचं काम नोकर ब्यूर्नेन्सचं, विचारायचं ह्युबरचं. त्यासाठी त्यांनी एक पेटी करवली. तिच्या चौकटी एका कडेला बिजागरीने जोडलेल्या, वहीच्या पानांसारख्या एकेक उलटता येणाऱ्या. ब्यूर्नेन्स पान उलटी, दिसेल ते सांगे, ह्युबर पुढचा प्रश्न टाकत. राणीचा संग पेटीबाहेर होतो, हे अशा चिकाटीतूनच त्यांनी दाखवून दिलं. 1792 सालचं ते पुस्तक वाचून कुणाला मध काढता येणार नाही. पण पेटीपुढे काय विचारावं हे त्याच्याइतकं क्वचितच कुणी शिकवलं असेल.

राहता राहिलं फुलोऱ्याचं कोष्टक. ते कुठलंच परकं पुस्तक देऊ शकत नाही. 2022 मध्ये ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालेल्या मांघरसारख्या गावात ते पेट्या ठेवणाऱ्यांच्या तोंडी असतं: जांभूळ कधी, हिरडा कधी. बारा महिन्यांच्या चौकटीत ते लिहायला घेतलं की कारवीपाशी अडतं. सात-आठ वर्षांनी एकदा सगळा डोंगर निळाजांभळा करणाऱ्या झुडपाला कुठल्या महिन्याच्या घरात बसवायचं?