विसर आणि विसावा

करमणुकीच्या साधनांविषयी गंभीरपणे लिहायचे नाही, असा आपल्या समीक्षेचा एक जुना शिष्टाचार आहे. वस्तुतः दिवाळी अंकाने तरी तो पाळू नये. मराठीतला पहिला दिवाळी अंक १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी काढला, आणि त्यांच्या मासिकाचे नावच ‘मनोरंजन’ होते. ज्या परंपरेचा जन्म मनोरंजनाच्या पोटी झाला, तिने मन रमवण्याच्या नव्या साधनांकडे पाहून नाक मुरडणे शोभत नाही. तथापि आज मोबाइलच्या पडद्यावर जी अर्ध्या-एक मिनिटाची चित्रे माणसे अहोरात्र पाहत असतात, त्यांच्या वाट्याला एकतर उपेक्षा येते किंवा सरसकट निषेध येतो. दोहोंनीही काही कळत नाही. ‘रील’ हा एक रचनाप्रकार आहे. त्याला त्याची घडण आहे. आणि ती घडण पाहणाऱ्याच्या मनावर विशिष्ट परिणाम करते. मन दुखावलेले असताना हा परिणाम कोणता होतो, एवढाच प्रश्न येथे विचारायचा आहे.

प्रश्न हवेत राहू नये म्हणून एक ठिकाण डोळ्यांपुढे ठेवू. सोलापूरहून पुण्याच्या रस्त्याला लागले, की केगावचे विद्यापीठ मागे पडते आणि पुढे मोहोळ तालुक्यात चिंचोळीची औद्योगिक वसाहत लागते. सोलापूर हे एके काळी गिरण्यांचे शहर. १८७७ सालची ‘जुनी गिरणी’ आणि तिच्यामागून आलेल्या मोठ्या गिरण्या आज बंद आहेत. ज्या भोंग्यावर शहराचा दिवस चाले, तो आता वाजत नाही. काम विखुरले आहे: काही यंत्रमागांकडे गेले, काही घरी बसून विड्या वळणाऱ्या बायकांकडे राहिले, आणि काही चिंचोळीसारख्या एमआयडीसीत आले. येथे रसायनांचे कारखाने आहेत. ज्वालाग्राही द्रावणे जेथे हाताळली जातात, तेथे ठिणगीच्या भयाने साधा मोबाइल आत नेऊ देत नाहीत. तो बाहेरच ठेवावा लागतो. म्हणजे ज्या साधनाच्या नावाने आपण बोटे मोडतो, ते अशा विभागातील कामगाराजवळ पाळीचे आठ तास नसतेच.

अशा पाळीवरून सुटलेला एक तरुण कल्पावा. वडील जाऊन महिना झाला आहे. दवाखान्यासाठी काढलेले कर्ज डोक्यावर आहे. कंत्राटी काम पुढच्या महिन्यात राहील की नाही, हे ठाऊक नाही. यंत्राच्या घरघरीत हात सवयीने चालत राहिले, आणि त्या आठ तासांत जे आठवायला नको तेच आठवत राहिले. फाटकावर मोबाइल हातात आला, की त्याचा अंगठा पडद्यावर फिरू लागतो. एक नक्कल, एक नाच, एक देऊळ, रस्त्यावरची एक मारामारी, व्यायामाचा एक उपदेश, आईच्या मायेवरचे एक रडवे गाणे, पुन्हा एक नक्कल. पाऊण तास जातो. त्या पाऊण तासात वडील आठवत नाहीत.

हे वाईट झाले असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? १९४८ च्या कारखाने कायद्याने सलग पाच तासांपेक्षा अधिक काम करून घेण्यास मनाई केली, आणि मध्ये निदान अर्धा तास विसावा दिलाच पाहिजे असे ठरवले. शरीराला विसावा लागतो, हे कायद्याने मान्य केले. मनालाही तो लागतो, हे ज्याचे त्याला कळते. आणि मोबाइलमध्ये तोंड खुपसून दुःख टाळणारा माणूस काही केवळ एमआयडीसीतच नाही. पुण्या-मुंबईच्या सदनिकेत रात्री दीड वाजता, घरातले भांडण मनात घोळू नये म्हणून, तोच अंगठा तसाच फिरत असतो. सुशिक्षितांनी या बाबतीत कामगाराला शहाणपण शिकवण्यासारखे काही नाही. तेव्हा विरंगुळा हवा की नको, हा वाद व्यर्थ आहे. खरा प्रश्न असा, की या पाऊण तासात जे मिळाले तो विसावा होता की केवळ विसर?

हा भेद शब्दांचा खेळ नव्हे. तो नीट समजून घ्यायचा तर आपल्या जुन्या साहित्यशास्त्राची मदत होते. भरताने आठ स्थायी भाव सांगितले आणि तेहतीस व्यभिचारी किंवा संचारी भाव सांगितले. संचारी भाव येतात आणि जातात. शंका येते, चिंता येते, हर्ष येतो, विषाद येतो. परंतु ही सगळी ये-जा एखाद्या स्थायी भावाला पुष्ट करण्यासाठी असते. शोक हा स्थायी असेल तर आठवणीने क्षणभर येणारे हसूसुद्धा अखेर त्या शोकालाच गडद करते. रीलच्या प्रवाहाची मुख्य खूण ही, की त्यात स्थायी असे काही नाही. तेथे संचारी भावांची नुसती जत्रा भरलेली असते. आईवरच्या गाण्याने गळा दाटतो, आणि तो दाटलेला असतानाच अंगठा पुढे सरकून विनोद येतो. विनोदाने त्या गहिवराला काही केले नाही. त्याला फक्त बाजूला सारले. एकेक रील घेतले तर त्यात कधी कौशल्य असते, कधी खरी गंमतही असते. दोष एकेका रीलचा नाही. एकामागून दुसरे येते त्या क्रमाचा आहे. या क्रमाला अर्थ नाही, आणि म्हणूनच तो कोठेही पोचत नाही.

अभिनवगुप्ताने रसाच्या आस्वादातील सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांपैकी एकाला तो ‘निजसुखादिविवशीभाव’ म्हणतो. प्रेक्षक आपल्याच सुखदुःखाने इतका व्यापलेला असतो, की समोरच्या नाट्यात त्याचे मन ठरत नाही. आमच्या कल्पनेतल्या तरुणाची हीच अवस्था आहे. अभिनवगुप्ताला हे विघ्न ठाऊक होते. म्हणूनच नाट्यातले गायन, वादन, रंगमंडपाची शोभा यांचे प्रयोजन तो असे सांगतो, की त्यांनी हे विघ्न दूर होते आणि प्रेक्षक हळूहळू स्वतःच्या दुःखातून मोकळा होऊन नाट्याशी एकरूप होतो. म्हणजे मन दुसरीकडे वळवणे हे त्याच्याही मते आवश्यकच आहे. परंतु ती पहिली पायरी आहे. वळवलेले मन पुढे कोठेतरी टेकले पाहिजे. हे टेकणे सांगताना तो ‘विश्रांती’ हा शब्द वापरतो; मराठीतला विसावा याच शब्दाच्या घराण्यातला. रील पहिली पायरी चढवते आणि तेथेच पुन्हा पुन्हा चढवत राहते. विघ्न दूर करण्याचे साधन स्वतःच विघ्न होऊन बसते.

आपल्या लोकजीवनातली उदाहरणे घेतली म्हणजे हे अधिक स्पष्ट होईल. जात्यावर बसणारी बाईही दळणाच्या श्रमात मन रमवीतच होती. पण तिने मन रमवले ते आपल्या दुःखापासून दूर जाऊन नव्हे. सासरचा जाच, माहेरची ओढ, गेलेले मूल, हे सारे तिने ओवीत आणले. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये अशा ओव्या जमवल्या, पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह उभा केला. एवढ्या ओव्या का झाल्या, याचा विचार केला तर असे दिसते, की ओवीने दुःखाला माप दिले. जात्याच्या एका फेऱ्यात, ठरलेल्या लयीत, ते सांगावे लागे. सांगता सांगता ते आपल्या एकटीचे राहत नसे, कारण शेजारची बाई पुढची ओवी म्हणे. दळण संपले की गाणे संपे. दुःख संपत नसे, पण ते दळून निघालेले असे.

हाताला काम आणि मनाला आधार, ही सांगड इतरत्रही घातली गेली आहे. क्यूबामध्ये हवाना शहरात १८६५ साली सिगार वळणाऱ्या कामगारांसाठी कारखान्यात मोठ्याने वाचून दाखवण्याची प्रथा सुरू झाली. कामगार आपल्या पदरच्या पैशांनी वाचणारा नेमत आणि कादंबऱ्या ऐकत. ही करमणूकच होती. मात्र कादंबरी आज जेथे थांबे तेथून उद्या पुढे जाई, आणि मधल्या वेळात ती ऐकणाऱ्याच्या मनात मुरत राही. दुसऱ्याच्या दुःखाला दिवसेंदिवस सोबत करता करता स्वतःच्या दुःखाकडे पाहण्याचे बळ येते. वाङ्मयाने दिलेला विसावा म्हणतात तो हाच.

येथे कोणी म्हणेल, की मग मराठीतली स्वप्नरंजनात्मक कादंबरी तरी दुसरे काय करीत होती? ना. सी. फडके यांच्यावर पलायनवादाचा आरोप झाला, तो याच स्वरूपाचा होता. आरोपात तथ्य होते हे मान्य केले, तरी एक गोष्ट विसरता येत नाही. फडक्यांच्या कादंबरीला शेवटचे पान होते. सोलापूरच्या चित्रपटगृहात तीन तास सारे विसरलेल्या गिरणी कामगारासाठीही अखेर दिवे लागत, आणि चालत घरी जाताना नायिकेचे दुःख व स्वतःचे दुःख त्याच्या मनात एकमेकांशी बोलू लागत. रीळ हा शब्द त्याला चांगला परिचयाचा होता. दोऱ्याचे रीळ असो की सिनेमाचे, ते संपत असे. आजच्या रीलचे वैशिष्ट्य असे, की ते एकटे संपते, पण त्यांची माळ संपत नाही. पान खाली सरकवीत राहावे आणि त्याला तळच लागू नये, ही युक्ती २००६ साली अझा रास्किन या अमेरिकन गृहस्थाने काढली; पुढे त्यानेच तिच्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. ज्या कलाप्रकाराला शेवट नाही, त्याच्या प्रेक्षकाला घरी जाण्याची वेळ कधी होत नाही.

याच मोबाइलवर माणसे आपले दुःख व्यक्तही करतात, हा आक्षेप रास्त आहे. परंतु ते कसे व्यक्त होते तेही पाहिले पाहिजे. कोणी गेले की फुले, समई आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ ही तयार अक्षरे असलेले चित्र पाठवले जाते. उत्तरादाखल जोडलेल्या हातांची रांग येते. त्यातली सहानुभूती खोटी नसते. पण गेलेला माणूस कसा होता, तो चहा कसा पीत असे, कशावरून रागावत असे, यांपैकी एकही शब्द त्यात येत नाही. तयार शब्द दुःखावर शिक्का मारतात. त्याला बोलते करीत नाहीत.

याच्या उलट, स्वतः रील करणाऱ्यांविषयी मला आस्था वाटते. २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर भारतात बंदी आली, तोपर्यंत महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून कितीतरी मुलामुलींनी शेताच्या बांधावर, गोठ्यात, घराच्या ओट्यावर अभिनय केला. बंदीनंतर दहा दिवसांच्या आत, ८ जुलैला, इन्स्टाग्रामने आपली रील भारतात आणली आणि तो ओघ तिकडे वळला. अर्ध्या मिनिटासाठी का होईना, या मुलांना काय दाखवायचे आणि काय गाळायचे हे ठरवावे लागते. रचना करणारा माणूस आपल्या अनुभवाकडे क्षणभर तरी थांबून पाहतो. त्याचे दुःख त्याला सामग्री म्हणून का होईना भेटते. नुसते पाहत राहणाऱ्याला तेही भेटत नाही.

तेव्हा करमणुकीची कसोटी ती गंभीर आहे की हलकी, ही मानू नये. हलक्याफुलक्या वगानेही मन विसावते आणि गंभीर व्याख्यानानेही ते नुसते गुंगते. कसोटी एवढीच मानावी, की तिच्यातून बाहेर आल्यावर माणूस जेथून उठला होता तेथे परत जाऊ शकतो का, आणि जाताना त्याच्या अंगात थोडे अधिक बळ आलेले असते का. ओवी या कसोटीला उतरते, कादंबरी बहुधा उतरते, सिनेमा पुष्कळदा उतरतो. रीलचा प्रवाह उतरत नाही, कारण तो माणसाला परत सोडतच नाही. आणि शेवटी झोपेने किंवा पुढच्या पाळीने सोडवले, तर दुःख जसेच्या तसे, न दळलेले, समोर असते.

या तरुणाच्या हातातून मोबाइल काढून घ्यावा, असे येथे सुचवायचे नाही. तो कारखान्याच्या फाटकावर रोज काढून घेतलाच जातो, आणि त्याने त्याचे दुःख हलके झालेले नाही. हवे आहे ते त्याच्या वडिलांविषयी बोलण्याजोगे काहीतरी: चहाच्या टपरीवर शेजारी बसून ‘तुझे वडील काय करत होते रे?’ असे विचारणारा एखादा सहकारी, एखादे भजन, एखादी गोष्ट जिला आरंभ आणि शेवट आहे. आजच्या मराठी लेखकाने चिंचोळीच्या पाळीवरचा हा महिनाभराचा शोक लिहिला आहे काय, आणि लिहिला असेल तर तो त्या फाटकापर्यंत पोचला आहे काय, हा प्रश्न रीलला विचारण्याआधी आपण स्वतःला विचारलेला बरा. मोकळी राहिलेली जागाच रीलने व्यापली आहे.