वॉल्टर कॉफमन : एका परक्या कानाची साधना

कलावंताची योग्यता त्याच्या मोठ्या कृतींवरून ठरवावी, असा टीकेचा रूढ संकेत आहे. परंतु क्वचित असेही घडते की, मोठ्या कृती ग्रंथालयाच्या कपाटांत पडून राहतात आणि एखादी चिमुकली रचना मात्र घरोघर जाऊन पोचते. वॉल्टर कॉफमन या संगीतकाराच्या बाबतीत नेमके हेच झाले. सकाळी आकाशवाणीचे केंद्र सुरू होताना टंबोऱ्याच्या नादावर व्हायोलिनची जी आर्त धून उमटते, ती यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा येथील कोणत्या जुन्या घराने ऐकलेली नाही? युरोपीय वाद्यवृंद आमच्या या कापसाच्या मुलखात फिरकण्याचा संभव नव्हता. परंतु एका युरोपीय संगीतकाराची रचना आमच्या माजघरात नित्य येत होती, आणि तिचा कर्ता कोण, हे फारच थोड्यांस ठाऊक होते. या धुनेचे श्रेय कधीकधी इतरांसही दिले जाते. तथापि ती कॉफमन यांनी १९३६ साली रचली, हेच मत सामान्यतः मान्य आहे.

कॉफमन यांचा जन्म १९०७ साली बोहेमियातील कार्ल्सबाड येथे झाला. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात असून कार्लोव्ही व्हारी या नावाने ओळखले जाते. घर यहुदी, भाषा जर्मन. बर्लिन येथे फ्रान्झ श्रेकर यांच्यापाशी त्यांनी रचनाशास्त्राचा अभ्यास केला. पुढे प्रागच्या जर्मन विद्यापीठात माहलरवर प्रबंध लिहिला. परंतु आपले मार्गदर्शक नाझी पक्षाचे आहेत हे कळताच त्यांनी पदवीवर पाणी सोडले. १९३४ साली ते मुंबईस आले आणि १९४६ पर्यंत तेथे राहिले.

त्यांच्या येण्यामागे केवळ राजकीय संकट नव्हते. युरोपात असतानाच त्यांनी हिंदी संगीताच्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या होत्या, आणि त्या त्यांना मुळीच कळल्या नव्हत्या. अशा वेळी सामान्य श्रोता त्या संगीतास नावे ठेवून मोकळा होतो. कॉफमन यांनी निराळा विचार केला. ज्या संगीतावर लक्षावधी बुद्धिमान माणसे प्रेम करतात, ते निरर्थक असणे शक्य नाही; तेव्हा उणीव आपल्याच कानात असली पाहिजे, आणि ती भरून काढावयाची तर त्या संगीताच्या देशीच गेले पाहिजे, असे त्यांनी ठरविले. आमच्या मते त्यांच्या साऱ्या कर्तृत्वाची गुरुकिल्ली या एका निर्णयात आहे.

मुंबईस त्यांनी पाश्चात्त्य संगीतासाठी एक मंडळ स्थापिले आणि मेहली मेहता यांच्यासारख्या वादकांसह नियमित मैफली केल्या. १९३७ पासून ते मुंबई आकाशवाणीवर युरोपीय संगीताचे प्रमुख होते. चित्रपटांस त्यांनी संगीत दिले. 'अनसूया' हे नभोवाणीसाठीचे संगीतनाट्य १९३८ साली रचिले.

आता त्या धुनेकडे वळू. तिची स्वरावली शिवरंजनीची मानतात. भूपातील गांधार कोमल केला की हा राग होतो. मध्यम व निषाद दोन्ही वर्ज्य. युरोपीय रचनाकाराच्या हाती अशी स्वरावली पडली म्हणजे तिच्याखाली स्वरसंवादाचे थर रचण्याचा मोह त्यास आवरत नाही. येथे तो आवरला आहे. खाली टंबोरा षड्ज धरून राहतो, वर सुरावट एकेक पाऊल टाकीत उलगडते, आणि अवघ्या काही क्षणांत आपले सांगणे संपविते. त्यांच्या मोठ्या रचनांविषयी असे निःशंकपणे म्हणता येत नाही. अकराव्या क्रमांकाच्या तंतुवाद्य-चतुष्टकात सुरांची वळणे आपल्याकडची, पण इमारतीचा आराखडा युरोपीय आहे. ती रचना गुणवान खरी. परंतु रागाचा सावकाश होणारा विस्तार तेथे शोधू गेल्यास पदरी निराशा येईल. दोन व्यवस्थांचा मिलाफ म्हणून तिला न्याय देणे हेच योग्य.

भारत सोडल्यावर ते इंग्लंडमार्गे कॅनडात गेले, विनिपेगच्या वाद्यवृंदाचे दशकभर संचालक होते आणि नंतर अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात अध्यापक झाले. १९८४ साली त्यांचे निधन झाले. 'द रागाज ऑफ नॉर्थ इंडिया' (१९६८) आणि 'द रागाज ऑफ साउथ इंडिया' (१९७६) हे त्यांचे ग्रंथ अभ्यासकांस परिचित आहेत. उत्तरेकडील रागांची मांडणी त्यांनी भातखंड्यांच्या दहा थाटांस अनुसरून केली. युरोपीय लिपीत दरबारीच्या गांधाराचे आंदोलन कसे उतरणार, असा आक्षेप येथे निघेल. तो खोटा नाही. पण भातखंड्यांच्या लिपीवरही तोच येतो. कोणतीही लिपी ही स्मरणाची काठी आहे, गळा नव्हे.

कॉफमन यांचे बरेचसे संगीत त्यांच्यामागे विस्मृतीत गेले. टोरोंटो येथील एआरसी वाद्यमेळाने २०२० साली त्यांच्या काही रचनांची ध्वनिमुद्रिका काढली, तेव्हा कोठे रसिकांचे लक्ष तिकडे गेले. त्यांना थोर रचनाकारांच्या पहिल्या पंक्तीत बसविण्याचा आग्रह आम्ही धरीत नाही. परंतु श्रोता म्हणून त्यांनी घालून दिलेला धडा फार मोलाचा आहे. आमच्या सुशिक्षित घरांतून युरोपीय संगीताची संभावना आजही 'गोंगाट' या एका शब्दात होते, आणि तसे म्हणणाऱ्यांनी एखादे चतुष्टक दोनदा ऐकलेले असतेच असे नाही. न कळलेल्या कलेविषयी मत देण्यापूर्वी आपल्या कानाची परीक्षा घ्यावी, ही सभ्यता एका परदेशीयाने आमच्या संगीताशी पाळली. तिची परतफेड करण्यास दोन संध्याकाळी आणि थोडी चिकाटी एवढेच भांडवल पुरेसे आहे.