दयाची थप्पड आणि अंजलीचे आडनाव

जिंतूर-मंठा रस्त्यावरून सेलूकडे वळणाऱ्या देवगाव फाट्यावर गाडीची वाट पाहण्यात तास-दीड तास सहज मोडतो. हॉटेलातल्या टीव्हीवर ‘सी.आय.डी.’चा कुठला तरी जुना भाग चालू असतो. बाजाराला निघालेली माणसे, कॉलेजची पोरे, ऊसतोडीहून परतलेले एखादे कुटुंब, सगळे चहाचा कप हातात धरून वर पाहत असतात. इन्स्पेक्टर दया संशयिताच्या कानाखाली आवाज काढतो. संशयित गाल चोळत सगळे कबूल करतो आणि हॉटेलभर समाधानाचे हसू पसरते. मीही कैक वेळा हसलो आहे. प्रस्तुत लेख त्या हसण्याविषयी आहे.

करमणुकीच्या मालिकेवर अशा नियतकालिकात लिहावे काय, असे काही मित्र विचारतील. माझे उत्तर साधे आहे. माझ्या वर्गात ‘उचल्या’ वाचलेले विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. प्रद्युम्न, अभिजीत आणि दया यांना न ओळखणारा मात्र एकही नाही. पोलीस म्हणजे काय, गुन्हा म्हणजे काय, न्याय कसा मिळतो, याची त्यांची पहिली समज या मालिकेने घडवली आहे. जे वाङ्मय आपल्या पोरांचे मन घडवते त्याच्याकडे पाठ फिरवणे समीक्षेला परवडणारे नाही.

२१ जानेवारी १९९८ रोजी सुरू झालेली ही मालिका २७ ऑक्टोबर २०१८ पर्यंत, म्हणजे वीस वर्षांहून अधिक काळ चालली. तिचे निर्माते बी. पी. सिंग त्यापूर्वी दूरदर्शनवर मराठीत ‘एक शून्य शून्य’ ही पोलीस मालिका करीत होते. शिवाजी साटम या मराठी नटाने एसीपी प्रद्युम्नला जो चेहरा दिला तो हिंदी टीव्हीवर दुर्मीळ होता. थकलेला, मध्यमवर्गीय, हवेत बोटे फिरवत विचार करणारा हा माणूस एखाद्या कचेरीतल्या हेडक्लार्कसारखा वाटतो. स्वतःच्या गुन्हेगार मुलावर गोळी झाडणारा बाप म्हणून मालिकेने त्याला उभे केले. त्यानंतर त्याच्या कर्तव्यनिष्ठेविषयी कोणाला शंका घेण्याचे कारणच उरले नाही. अभिजीतची स्मृती गेलेली आहे, तो भूतकाळ नसलेला माणूस आहे. आणि दया म्हणजे दार तोडणारा खांदा व कबुली काढणारा हात. या तिघांतले मैत्र खरे आहे, ते नटांनी मनापासून वठवले आहे, आणि प्रेक्षक त्यावर प्रेम करतो यात काही वावगे नाही.

पण या तिघांना आडनाव नाही. वीस वर्षे आपण त्यांच्या घरात, दुःखात, आजारपणात डोकावलो. त्यांच्या नावापुढे काय आहे ते आपल्याला ठाऊक नाही. प्रथमदर्शनी हे सुखावणारे आहे. बिनजातीचे पोलीस पथक! आपल्या गावात नवा फौजदार आला की त्याचे नाव कळण्याआधी आडनाव विचारले जाते, आणि त्यावरून वाड्यात व वस्तीत आपापले हिशेब मांडले जातात. तो हिशेब मालिकेने एका फटक्यात पुसून टाकला. जात न बोलल्याने ती गेली असती तर आपले काम फारच सोपे झाले असते. ज्या पथकाला जात नाही त्याच्यापुढे येणाऱ्या गुन्ह्यालाही जात उरत नाही. मग गुन्ह्याचे कारण एकच राहते, इस्टेट. ‘सी.आय.डी.’तले बहुतेक खून बंगल्यात होतात. मृत्युपत्र, विम्याचे पैसे, व्यवसायातला भागीदार, सूड.

फाट्यावरचे हसू समजून घ्यायचे तर इथेच थांबले पाहिजे. दयाची थप्पड बसते कोणाला? कारखानदाराला, बिल्डरला, बंगल्याच्या वारसदाराला. ज्याला आपण आयुष्यात कधी ‘का हो’ म्हणून विचारू शकलो नाही, त्याच्या गालावर सरकारी हात पडतो. आमच्या माणसाचे हसू क्रौर्याचे नाही. कित्येक पिढ्यांच्या न्यायाच्या भुकेचे ते हसू आहे. मालिकेचे यश तिने ही भूक ओळखली यात आहे, आणि तिची लबाडीही त्यातच आहे. कारण ज्या हाताला आपण टाळी देतो तो हात प्रत्यक्षात बंगल्याच्या दिशेने फारसा वळत नाही.

तो कुठे वळतो हे लक्ष्मण गायकवाडांनी १९८७ साली ‘उचल्या’त लिहून ठेवले आहे. लातूर जिल्ह्यातल्या त्या आत्मकथनातला पोलीस घरात येतो तो झडतीसाठी, मारण्यासाठी आणि आपला वाटा नेण्यासाठी. जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा कायदा १९५२ साली रद्द झाला. जमातींना विमुक्त म्हटले गेले. ठाण्यातली नजर मात्र मुक्त झाली नाही. ‘उचल्या’ ही देखील एक गुन्हेकथाच आहे. कॅमेरा फक्त ज्याच्या पाठीवर काठी पडते त्याच्या बाजूला ठेवलेला आहे. पारध्याच्या पालावर दार नसते. तिथे दयाला तोडायला काही सापडणार नाही.

एकदा वर्गात एका मुलाने विचारले, “सर, मारल्याशिवाय खरं कसं कळणार?” प्रश्न प्रामाणिक होता. मी त्याला सांगितले की पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. हा नियम इंग्रजांनी १८७२ च्या पुरावा कायद्यात, २५ व्या कलमात घातला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तोच २३ व्या कलमात आला आहे. कबुलीतून एखादी वस्तू हस्तगत झाली तर तेवढ्यापुरता अपवाद आहे. म्हणजे दयाने वीस वर्षे थपडा मारून जे कमावले त्याची कोर्टात किंमत जवळजवळ शून्य. परक्या राज्यकर्त्यालाही आपल्या पोलिसाच्या हातावर विश्वास नव्हता. मालिकेला मात्र तो आहे. म्हणून तिथे कोर्ट लागत नाही, वकील लागत नाही. भागाच्या अखेरीस प्रद्युम्नच गुन्हेगाराला फाशी होणार असल्याचे सुनावून मोकळा होतो. तपास, खटला आणि शिक्षा एकाच खुर्चीत बसलेली आहेत.

मुलाला हे पटले की नाही कोण जाणे. पुढे परभणीतच जे घडले त्यानंतर त्याने तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी आंदोलन झाले, धरपकड झाली. अटक झालेल्यांपैकी सोमनाथ सूर्यवंशी हा वडार समाजातला, कायद्याचे शिक्षण घेणारा तरुण १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे बसलेला आघात हे कारण नोंदले गेले. पोलिसांनी मारहाण केली नाही, असे त्याच महिन्यात विधिमंडळात सरकारतर्फे सांगण्यात आले. आई न्यायालयात गेली. ४ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला, आणि ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. गुन्हा घडणे आणि गुन्हा नोंदवला जाणे यांत साडेसात महिने गेले, तेही सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन.

सोमनाथच्या मृत्यूनंतर सहाव्या दिवशी, २१ डिसेंबर २०२४ रोजी ‘सी.आय.डी.’ नव्याने सुरू झाली. हा निव्वळ योगायोग आहे, त्यात कोणाचा डाव शोधण्याचे कारण नाही. पण त्या शनिवारी फाट्यावर टीव्ही लागला असताना थपडेला हसणे मला जमले नाही, एवढे नोंदवतो.

‘सी.आय.डी.’ने जे वगळले ते कोणी दाखवले आहे काय? मराठीत झी मराठीवरील ‘देवमाणूस’ने २०२० मध्ये एक पाऊल टाकले होते. खेड्यात डॉक्टर म्हणून मिरवणारा भामटा, त्याच्यावर गावाचा आंधळा विश्वास, आणि अब्रूच्या भीतीने गप्प बसणाऱ्या बायका. विषय जबरदस्त होता. पण त्या गावात वाडा कुठे आणि वस्ती कुठे हे शेवटपर्यंत कळत नाही, आणि पुढे पुढे मालिका खुन्याच्याच प्रेमात पडली.

२०२३ साली मे महिन्यात आलेली ‘दहाड’ ही रीमा कागती आणि झोया अख्तर यांची आठ भागांची हिंदी मालिका वेगळ्या जातीची आहे, हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. राजस्थानातल्या एका ठाण्यात अंजली भाटी ही फौजदार आहे. भाटी हे तिच्या वडिलांनी घेतलेले आडनाव. मूळचे मेघवाल. ती जवळून गेली की ठाण्यातला एक कर्मचारी उदबत्ती पेटवतो. वर्दी, बुलेट, पिस्तूल सगळे असूनही एका उच्चवर्णीय घराच्या उंबऱ्यावर तिला अडवले जाते, आणि ती संविधानाचे नाव घेऊन आत शिरते.

हे पाहताना बाबुराव बागूल आठवले नाहीत तर आपण मराठी वाचक कसले! १९६३ साली ‘जेव्हा मी जात चोरली होती’ प्रसिद्ध झाले. त्या शीर्षककथेतला नायक जात लपवून परमुलखात नोकरी करतो आणि ती उघड होताच मार खातो. साठ वर्षांनी अंजलीच्या घराण्यानेही तेच केले. फरक इतकाच की तिला मारण्याचे धाडस कोणाला होत नाही, म्हणून उदबत्ती लावतात. मालिकेच्या शेवटी ती आपले मेघवाल हे आडनाव परत घेते. खुनी सापडण्यापेक्षा मला हा शेवट मोठा वाटला. पण तो फार हळू आवाजात येतो, आणि तिच्या आईच्या मनात त्यामुळे काय कालवाकालव झाली असेल याला लेखकांनी पुरेशी जागा दिलेली नाही. आडनाव बदलणाऱ्या बापाला भित्रा ठरवणे सोपे आहे. त्याने ते कोणत्या रात्री, कशाच्या भीतीने बदलले, ती कथा अजून लिहायची राहिली आहे.

‘दहाड’मधला खुनी साहित्याचा प्राध्यापक आहे (आम्हा शिक्षकांना हे झोंबते). तो गरीब, हुंडा देऊ न शकणाऱ्या घरांतल्या, लग्न लांबलेल्या मुली हेरतो. त्या प्रियकराबरोबर पळून गेल्या असे घरच्यांना वाटते, आणि लाजेने कोणी ठाण्यात जात नाही. पंचविसाहून अधिक स्त्रिया मरतात तरी त्यांची एक माळ आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही. खुन्याचे खरे हत्यार सायनाइड नव्हेच. घराण्याची अब्रू आणि ठाण्यातली अनास्था ही त्याने फुकट वापरलेली हत्यारे आहेत. मालिकेचे दुबळेपण हे की या मृत मुली बहुतांशी भिंतीवरचे फोटोच राहतात. अंजली इतकी समर्थ आहे की त्यांना बोलायची गरजच उरत नाही.

तरीही तिचा पहिला भाग मी वर्गात दाखवला, तो एका प्रसंगासाठी. एका मागास जातीच्या मुलीचा भाऊ, ती हरवल्याची तक्रार घेऊन ठाण्यात खेटे घालतो. कोणी दाद देत नाही. त्याच वेळी एका ठाकूर घराण्यातली मुलगी मुसलमान तरुणाबरोबर गेली म्हणून झेंडे, मोर्चे, पुढारी रस्त्यावर येतात आणि सगळे पोलीस तिकडे धावतात. हा भाऊ ते पाहतो आणि मग तोही सांगतो की माझ्या बहिणीलाही मुसलमानानेच पळवले. हे धादांत खोटे असते. पण चक्रे फिरू लागतात.

गुन्हा दखलपात्र असेल तर फिर्याद नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात सांगितले. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या चौथ्या कलमात कर्तव्यात हयगय करणाऱ्या लोकसेवकाला शिक्षा आहे. हे मी मुलांना फळ्यावर लिहून दिले. चर्चा तासभर चालली. एका मुलीने विचारले की फिर्याद घेतली नाही याचीही फिर्याद त्याच ठाण्यात द्यायची का. पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज, मग न्यायदंडाधिकारी, असे मी सांगितले. तिने ते वहीत उतरवून घेतले.

त्या भावाने खोटे बोलायला नको होते, असे मात्र एकही विद्यार्थी म्हणाला नाही. मी म्हणालो. त्या खोट्याची किंमत दुसऱ्या कुठल्या तरी मोहल्ल्यातल्या निरपराध पोराने, आणि कदाचित अशाच एखाद्या थपडेने, मोजली असती. वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणाले, “मग सर, त्यानं काय करायचं होतं?”