गिरड येथील शेख फरीदांचें स्थान व इ. स. १२४४

भंडारा व नागपूर या बाजूचे मुसलमान, आणि त्यांच्याबरोबर पुष्कळ हिंदुही, ज्या स्थानांच्या जियारतीस जातात त्यांत नागपूरचा ताजबाग व वर्धा जिल्ह्यांतील समुद्रपूर तालुक्याचें गिरड हीं दोन प्रमुख होत. ताजबागेविषयीं कालनिर्णयाचा प्रश्नच नाहीं. बाबा ताजुद्दीन १८६१ त कामठीस जन्मले व १९२५ त नागपुरास वारले. गिरडची गोष्ट वेगळी आहे. तेथील पिराच्या नांवाशीं इ. स. १२४४ हें साल जडलेलें आहे, आणि तें खरें मानल्यास वैनगंगेपासून वर्धेपर्यंतच्या मुलखाचा इतिहास आपणांस निराळा लिहावा लागेल. म्हणून त्याचें परीक्षण अवश्य आहे.

आरंभींच एक भेद सांगितला पाहिजे. हज म्हणजे मक्केची यात्रा. ती ऐपतदार मुसलमानास आयुष्यांत एकदां विहित आहे, व तिचे दिवस नेमलेले आहेत. जियारत म्हणजे साधुपुरुषाच्या स्थानाचें दर्शन, तें ऐच्छिक. हें स्थान दोन प्रकारचें असतें. एक मजार, म्हणजे प्रत्यक्ष कबर. दुसरा चिल्ला, म्हणजे साधूनें चाळीस दिवसांचें एकांतव्रत केलें अशी जेथें श्रद्धा असते ती जागा. भाविकाला दोन्ही सारखीच वंद्य. इतिहासकारानें मात्र दोहोंची गल्लत करूं नये.

ग्रँटच्या १८७० च्या मध्यप्रांत गॅझेटिअरांत व त्यामागून निघालेल्या सरकारी ग्रंथांत गिरडची आख्यायिका आली आहे. हिंदुस्थानांत जन्मलेले ख्वाजा शेख फरीद तीस वर्षें फकिरीनें हिंडून १२४४ च्या सुमारास गिरडच्या टेकडीवर येऊन राहिले. दोन बंजारी व्यापाऱ्यांनी त्यांची थट्टा केली, तेव्हां त्यांचा सारा माल दगड झाला. ते शरण आले असतां फरीदांनी वाळक्या पानांचा नवा माल करून दिला, व ते दोघे कायमचे सेवक बनले. टेकडीवर विखुरलेले गोल खडे तोच माल, असें दाखवितात.

ते खडे म्हणजे काळ्या खडकाच्या पोकळ्यांत जमणाऱ्या झिओलाइट जातीच्या खनिजाच्या गांठी होत. दख्खनच्या पठारावर तें खनिज जागोजाग सांपडतें. खडे आधीं होते, कथा मागून आली. गंडकीच्या शाळिग्रामांवर चक्रें कशीं उमटलीं हें सांगणारीं पुराणें ज्यानें वाचलीं आहेत, त्याला यांत नवल वाटणार नाहीं. मीमांसक अशा वाक्यांस अर्थवाद म्हणतात. अर्थवादाचें काम स्तुतीचें; त्याच्या अक्षरार्थावरून वस्तुस्थिति सिद्ध होत नाहीं. काशीखंडावरून काशीची शकावली न काढणारे आमचे संशोधक गिरडच्या मुजावराच्या तोंडचा शक मात्र निमूटपणें टिपून घेतात, याचें आम्हांस आश्चर्य वाटतें.

बरें, कथेंतील बंजारी घ्या. १९०६ च्या वर्धा गॅझेटिअराचे संपादक रसेल यांनींच रायबहादूर हिरालाल यांच्या साहाय्यानें १९१६ त मध्यप्रांतांतील जातीजमातींवर ग्रंथ काढला. मुसलमानी तवारिखांत बंजाऱ्यांचें नांव प्रथम १५०४ च्या ढोलपुरावरील स्वारींत येतें, असें त्यांत नमूद आहे. यावरून त्यापूर्वीं बैलांचे तांडे नव्हते असें ठरत नाहीं. पण कथेचा सांप्रतचा वेष तेराव्या शतकाचा नव्हे, हा संशय बळावतो.

आतां फरीद कोण? हे पाकपट्टणचे बाबा फरीद गंजशकर, अशी सामान्य समजूत. पण तो महापुरुष १२४४ त अजोधन, म्हणजे सांप्रतचें पाकपट्टण, येथें स्थायिक होता. तेथेंच हिजरी ६६४ च्या मोहरमच्या पांचव्या तारखेस वारला, व त्याची कबर तेथेंच आहे. त्याचे शिष्य निजामुद्दीन औलिया यांचीं संभाषणें अमीर हसन सिजझी यानें १३०८ पासून १३२२ पर्यंत लिहून ठेविलीं. तो ‘फवाइद-उल-फुवाद’ ग्रंथ फरीदांच्या आठवणींनी भरलेला आहे. पण त्यांतील आठवणी अजोधनच्या, गिरडच्या नव्हेत. लिहिणारा हसन पुढें दक्षिणेंत आला व खुलताबादेस निजला, हा योगायोग लक्षांत घेण्याजोगा आहे. १२४४ त देवगिरीस यादव सिंघण राज्य करीत होता; अल्लाउद्दीनाची स्वारी १२९६ ची. चिश्ती परंपरेचा दक्षिणेंतील जम खुलताबादेस बसला तो चवदाव्या शतकांत, बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या वेळीं. ते १३३७ त वारले.

तेव्हां आमच्या मतें गिरड हें या फरीदांचें मजार नव्हे. चिश्ती अनुयायांनी गुरुस्मरणार्थ मानलेला चिल्ला होय. अजमीरच्या दरग्यांतही फरीदांचा चिल्ला आहे, व तो त्यांच्या पुण्यतिथीस उघडतात. चिल्ला ठरल्यानें गिरडचें पावित्र्य तिळभर उणें होत नाहीं. उणें होतें तें १२४४ चें वजन.

भंडाऱ्यापुरतें बोलावयाचें तर मुसलमानी अंमलाचा ठाम आधार हातीं येतो तो देवगडच्या बख्तबुलंदाच्या वेळचा. त्याचा सरदार राजाखान पठाण यानें १७०० च्या सुमारास अंबागडचा किल्ला बांधला. त्याच्या मागें साडेचारशें वर्षांची उडी एका आख्यायिकेच्या बळावर घेणें आम्हांस मान्य नाहीं.

ज्या संग्राहकांकडे या भागांतील गोंड वा भोंसले अमदानीचे रुमाल असतील त्यांस आमची विनंति आहे कीं, गिरडची सनद, इनामपत्र किंवा मुजावरांचा शजरा आढळल्यास केवळ साल उतरून घेऊन थांबूं नये. कागदांत स्थानास ‘मजार’ म्हटलें आहे, ‘चिल्ला’ म्हटलें आहे कीं नुसतें ‘तकिया’, हा शब्द मूळ अक्षरांसह नोंदवावा, व शजरा बुऱ्हाणुद्दीनांवरून येतो किंवा कसें तें पाहावें.